आंटीला चटक कुणी लावली

मिस वेल्डा भडकली की उटिला बेटाच्या जेट्टीवर कुणी तिच्या वाटेला जात नसे. उमेदीची सगळी वर्षं तिने पाहुण्यांना प्रवाळावर बुड्या मारायला नेण्यात घालवली होती. पाठीवर हवेची टाकी, हातात आखूड भाला. भाला लायनफिशसाठी. हा काटेरी मासा इथला नव्हेच; कुठून तरी आला आणि प्रवाळातली माशांची पिल्लं फस्त करत सुटला. म्हणून दिसला की मारायचा, हा बेटाचा शिरस्ता. वेल्डा मारलेला मासा घरी न्यायची आणि नारळाच्या दुधात शिजवायची. विषय संपला.

पण क्लेटनला त्यात धंदा दिसला. वेल्डा ज्याच्याकडे कामाला होती ते बुड्यांचं दुकान त्याचं, होडी त्याची. पूर्वेच्या कड्यातल्या एका कपारीत मांडीएवढी जाड हिरवी वाम राहायची. मेलेला लायनफिश भाल्याच्या टोकाला लावून पुढे धरला, की ती सरसर बाहेर यायची आणि पाहुणे फोटो काढायचे. तिचं नाव पडलं आंटी. दुकानाच्या पाटीवरसुद्धा आंटीच. रानटी जिवाला हातून खायची सवय लावू नका, असं वेल्डा कानीकपाळी ओरडली. ऐकतो कोण! उलट पाहुण्यांना खाली नेणाऱ्या प्रत्येकाने आंटीला भरवलंच पाहिजे, असं फर्मान निघालं. नोकरी टिकवायची म्हणून नाक मुठीत धरून वेल्डानेही भरवलं.

मग व्हायचं तेच झालं. एका पाहुण्याने फोटोसाठी रिकामी मूठ कपारीपुढे नेली. हात आला म्हणजे खाऊ आला, एवढंच आंटीला ठाऊक. तिने अंगठा फोडला. टाके पडले, पाहुण्याने आकांडतांडव केलं आणि क्लेटनने वेल्डाला जेट्टीवर गाठलं.

"मिस वेल्डा, उद्या तिला संपवा. तुमच्याच्याने होत नसेल तर रॉनीला पाठवतो."

"तिला चटक कुणी लावली रे, क्लेटन?"

"ते राहू द्या. माणसांना चावणारा मासा मला नको."

चावणारा मासा म्हणे! ज्याने तिला खाऊ घालून माणसाळवलं, तोच आता साळसूदपणे असं बोलत होता. शेंबडा असताना हा वेल्डाच्याच पायरीवर बसून नारळाचा पाव खायचा. त्याला तिथल्या तिथे पाण्यात ढकलावंसं तिला वाटलं. पण दुकानातल्या रॉनीचा भाल्याचा नेम चुकत नसे. त्याच्याआधी आपणच जायचं, तिने ठरवलं. वाम माणसाला घाबरली, तरच वाचणार होती.

सकाळी वेल्डा खाली उतरली. भाला दिसताच आंटी तोंड वासून बाहेर आली, नेहमीसारखी. वेल्डाने भाला उलटा धरला आणि बोथट टोक तिच्या नाकाडावर जोरात ढोसलं. वाम मागे सरली आणि पुन्हा आली. वेल्डाने पुन्हा ढोसलं. ती पुन्हा आली. मारणाऱ्या हाताकडे असं भाबडेपणाने येतं का कुणी? काचेआड वेल्डाचे डोळे वाहत होते, आणि मनातल्या मनात ती क्लेटनला, पाहुण्यांना, स्वतःलाही शिव्या घालत होती. शेवटी आंटी कपारीत खोल शिरली. वेल्डाने भाला दाखवला, मोकळा हात दाखवला. ती हलली नाही.

वर आल्यावर तिने क्लेटनला सांगितलं, की वाम आता माणसाजवळ येणार नाही, तिला जगू दे. तो कुरकुरला, पण रॉनीला त्याने पाठवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात होडीत नवे पाहुणे बसले. क्लेटन एक मेलेला लायनफिश घेऊन वेल्डाजवळ आला.

"हे आंटीला बघायलाच आलेत, मिस वेल्डा. भरवा जरा. दोन-चार दिवसांत येईल पुन्हा बाहेर."

वेल्डाने टाकीचे पट्टे सोडले.

"मी तिला मारलं क्लेटन, तिचा जीव वाचावा म्हणून. आणि तू मला तिला पुन्हा फसवायला सांगतोस?"

तिने टाकी त्याच्या पायांपाशी ठेवली आणि पाहुण्यांच्या देखत घरची वाट धरली.