शिट्टीबाईंचा समुद्र

शिट्टीबाईंनी आयुष्यात एकाही मुलाला पाण्यात ओढलं नाही. शहराच्या तरण तलावावर त्या नोकरीला लागल्या तेव्हा जुने शिक्षक मुलांना काखेत धरून उचलायचे आणि धपकन सोडून द्यायचे. मुलं शिकायची, पण रडत रडत. बाईंची तऱ्हा वेगळी होती. घाबरलेल्या मुलाला त्या उथळ बाजूच्या काठावर बसवायच्या, पाय पाण्यात सोडायला सांगायच्या आणि चक्क त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

"मी बघत नाहीये. वाटेल तेव्हा उतर, नाहीतर नको उतरूस."

बाकांवर बसलेल्या आया कळवळायच्या. "अहो बाई, बघा तरी त्याच्याकडे!" बाई ढिम्म. कधी पाच मिनिटं जायची, कधी अख्खा आठवडा. मग मागे 'डुबुक' आवाज व्हायचा. तेव्हा कुठे बाई वळायच्या आणि गळ्यातली शिट्टी एकदाच, हलकेच वाजवायच्या. पलीकडच्या काठावरच्या जीवरक्षकाला त्यांनी आधीच डोळ्यांनी खुणावून ठेवलेलं असे, हे आयांना ठाऊक नव्हतं. घाबरलेल्या माणसाला पाण्यापेक्षा बघणाऱ्यांची भीती जास्त वाटते, असं बाईंचं म्हणणं.

त्यांनी निम्म्या शहराला पोहायला शिकवलं. त्यांचे केस कायम क्लोरीनच्या वासाचे आणि जरा हिरवट. स्वतः त्या मात्र त्या एका तलावाबाहेर कुठेच पोहल्या नव्हत्या. जगाला सुट्टी लागली की यांचे वर्ग भरायचे, मग सहलीला जाणार कधी? समुद्र त्यांनी चित्रातच पाहिला होता. तरी एखादं पोर विचारायचं, "बाई, समुद्रात पोहणं अवघड असतं?" तेव्हा त्या ठोकून द्यायच्या, "पाणी ते पाणी! बादलीतलं काय नि समुद्रातलं काय."

त्या निवृत्त झाल्या आणि लेकीने परस्पर जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली. आठवडाभराची सफर, गरम हवेची तीन बेटं. बाई, त्यांचे यजमान, लेक आणि नऊ वर्षांची नात. जावयाला कामावरून सुट्टी मिळाली नाही. नातीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, "माझी आजी मला समुद्रात पोहायला शिकवणार आहे."

लेकीचा स्वभाव काळजीचा. पोरीला साधी शिंक आली तरी ही कपाळाला हात लावून बघणार. तिने निघायच्या आधीच फर्मान काढलं, "समुद्रात आजी उतरली तरच तू उतरायचं. आजी नाही तर तूही नाही."

"आजी उतरणारच की!" नात म्हणाली.

बाईंनी आपला पोहण्याचा पोशाख पिशवीत भरला. तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं.

वाटलं ते जहाजाच्या कठड्याशी उभं राहिल्यावर. बंदर मागे पडलं, पाण्याचा रंग हिरव्याचा गडद निळा झाला, आणि बाईंनी सवयीने खाली वाकून तळ शोधला. तलावाच्या तळाची फरशी न् फरशी त्यांना पाठ होती. मधली काळी रेघ, खोल बाजूला एका कोपऱ्यात उडालेला टवका. इथे खाली काही नव्हतंच. नुसतं पाणी, आणि त्याखाली आणखी पाणी. कठडा घट्ट धरून त्या हळूच मागे सरल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "वारं फार आहे हो."

जहाजाबद्दल खरं सांगायचं तर जाहिरातीत दिसतं तितकं झकास ते काही नसतं. खोली एवढीशी की एकाने चपला काढायच्या तर दुसऱ्याने पलंगावर चढून बसायचं. खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र. जेवणाच्या दालनात माणसं अशी ताटं भरत होती, जणू उद्यापासून अन्न मिळणारच नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून संकटसमयी कुठे जमायचं ते दाखवलं. बाकीच्यांनी ती पाच मिनिटांत काढून ठेवली, लेकीने जेवायला बसेपर्यंत काढलं नाही.

यजमान मात्र जाम खूश होते. जन्मभर त्यांनी शहराची बस चालवली होती.

"अगं, पहिल्यांदा असं झालंय," ते आमलेटचा घास घेत म्हणाले, "की एवढी माणसं गाडीत आहेत आणि ब्रेक दाबायची जबाबदारी माझी नाही."

"बाबा, जहाजाला ब्रेक नसतो," नात म्हणाली. ती आजोबांना आईसारखंच बाबा म्हणे.

"नसतो?" त्यांनी क्षणभर घास थांबवला. "मग आणखी एक आमलेट खाऊन घेतो."

जहाजावर एक तलावही होता. पाण्याच्या टाकीएवढा. त्यात माणसं हातात पेले घेऊन नुसती उभी होती, पोहत कुणीच नव्हतं. जहाज कललं की पाणी एका बाजूला जायचं आणि माणसंही. ओल्या फरशीवरून एक पोरगा धावत गेला आणि बाई सवयीने कडाडल्या, "पळायचं नाही!" पोरगा जागीच थिजला. त्याच्यामागून चाललेला त्याचा बापही. नात हसून हसून लोळली. आपल्या आवाजाला अजून धार आहे, हे पाहून बाईंना जरा बरं वाटलं.

पहिलं बेट आलं. धक्क्यावर दोन तास रांग, मग उघड्या गाडीतून किनारा. वाळू खरंच पांढरी होती, पाणीही चित्रातल्यासारखं होतं. पण बाई पाण्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "गुडघा आखडलाय गं. त्या गाडीने हाडं खिळखिळी केली."

नात छत्रीखाली बसून वाळूचे डोंगर करत राहिली. तिच्या वयाची पोरं समोर लाटांत उड्या मारत होती.

दुसऱ्या बेटावर बाई म्हणाल्या, "आत्ताच जेवलोय. भरल्या पोटी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम आहे."

"दोन तास झाले, आजी."

"जेवण जड होतं."

नातीने टॉवेल गुंडाळून पिशवीत ठेवला. पोहण्याच्या पोशाखात, कोरड्या अंगाने, ती परत जहाजावर आली. बाईंना ते बघवेना. पोरीने हट्ट केला असता, रुसली असती, तर रागावता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी डेकवर यजमान शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"कुठला होता दुखरा?"

बाईंनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग काढून डाव्यावर ठेवला. यजमान हसले नाहीत, हीच मोठी गोष्ट.

"अहो, तळ दिसत नाही हो," बाई शेवटी हळू आवाजात म्हणाल्या. "मुलांना काय काय सांगत आले मी. पाणी ते पाणी म्हणे!"

"लेकीला सांगून टाक."

"अजिबात नाही. ती आधीच काळजीचं पोतं. आईच घाबरते म्हटल्यावर पोरीला बादलीतसुद्धा उतरू देणार नाही. तुम्हीही बोलायचं नाही."

"नाही बोलणार," यजमान म्हणाले, आणि खरोखरच बोलले नाहीत.

तिसरं बेट शेवटचं. छोटासा उपसागर, पाणी संथ. लाल-पिवळ्या टोपीतला किनाऱ्याचा जीवरक्षक उंच खुर्चीवर. आइस्क्रीमची एक टपरी. लेकीने पिशव्या मांडल्या, नातीला उन्हाचं मलम चार थर फासलं. बाई आपला काळा पोहण्याचा पोशाख घालून आल्या, सरळ पाण्यापाशी गेल्या आणि लाट पावलांना लागेल अशा जागी बसल्या. दोन्ही तळवे मांड्यांशेजारी वाळूत रोवलेले. पायाची बोटं वर वळलेली.

लेक मलमाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. शाळा सुटली की ती तलावावर जायची, बाकावर बसून अभ्यास करायची. काठावरच्या घाबरलेल्या पोरांचे असे तळवे, अशी बोटं तिने लहानपणी रोज पाहिली होती.

आता ती काय करणार होती, ते तिलाच माहीत. तिच्या स्वभावाप्रमाणे तिने धावत जायला हवं होतं, आईचा हात धरायला हवा होता, "बरं वाटत नाहीये का?" असं दहादा विचारायला हवं होतं. तिने बाटली खाली ठेवली, जीवरक्षकाच्या उंच खुर्चीकडे एकदा पाहिलं. आपली खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.

"आई, हे काय?" नात म्हणाली.

"तूही फिर. बाबा, तुम्हीसुद्धा."

"अगं पण समुद्र तिकडे आहे!" यजमान म्हणाले.

"माहितीये. फिरा."

सगळा किनारा समुद्राकडे तोंड करून बसला होता आणि एक कुटुंब ओळीने आइस्क्रीमच्या टपरीकडे बघत होतं. टपरीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. त्याने हात केला, नातीने परत हात केला.

बाईंनी मागे वळून पाहिलं. तीन पाठी. त्यांना सगळं कळलं. हसू आलं. लेकीचे खांदे पार कानांना टेकले होते.

एक लाट आली, गेली. दुसरी आली. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. बाई उठल्या. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत गेल्या. पाणी इतकं कोमट असेल, याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं.

डुबुक.

तोंडात खारट पाणी गेलं. तलावाच्या पाण्यावर त्या तरंगायच्या त्यापेक्षा इथे कितीतरी वर तरंगल्या, कुणी खालून हात लावल्यासारख्या. त्यांनी हात मारला, मग दुसरा मारला, किनाऱ्याच्या कडेकडेने, एका लयीत. मग हात पुढे करून त्यांनी भिंत चाचपली आणि वळल्या. वळल्यावर कळलं की भिंत नव्हतीच. बरोबर तलावाएवढं अंतर झालं होतं आणि हात आपणहून पुढे गेला होता. बाई त्या समुद्रात एकट्याच खो खो हसल्या.

"अगं ए!" त्या ओरडल्या. "आता बघा तरी!"

नात बाणासारखी सुटली. लेक मागोमाग घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत आली. "कमरेच्या पुढे जायचं नाही!"

"कुणाच्या कमरेच्या?" बाईंनी विचारलं. "तिच्या की माझ्या?"

त्या दुपारी नात लाटेवर उताणी तरंगायला शिकली. परतीची गाडी आली तेव्हा तिला अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं. मुलांना ओढायचं नाही हा आपला नियम बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच मोडला, तोही उलट्या दिशेने.

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांची नाकं लाल झाली होती. यजमानांनी तिसऱ्यांदा केक आणला आणि म्हणाले, "बाकी सगळं झकास, पण मधेच वळलीस का? सरळ रस्ता होता की."

"भिंत आली असं वाट—" बाई थांबल्या. "म्हणजे तुम्ही बघत होतात!"

"छे! पाठ होती माझी." त्यांनी टेबलावरचा लेकीचा काळा गॉगल उचलून हातभर लांब धरला आणि त्याच्या काचेत डोकावून पाहिलं. "जन्म गेला माझा आरशात मागचं बघण्यात."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती ताटात मान घालून बसली होती.

"ही सारखी कुजबुजत होती," नातीने चहाडी केली. "'बाबा, डोकं दिसतंय का? अजून दिसतंय का?'"

"जीवरक्षकाला आधी खुणावून ठेवायचं असतं," लेक मान वर न करता म्हणाली. "मला काय माहीत नाही?"

बाईंनी हसून आपल्या ताटातला केकचा मोठा तुकडा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.