आज घरात काय घडलं?

शुक्रवार पेठेत पार्वतम्माच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पोरं जमायची, ती काही खाऊसाठी नव्हे. खाऊ द्यायला तिच्याकडं होतं काय? पहिली-दुसरीतल्या पोरांना ती साधी साधी वाक्यं लिहायला शिकवायची. शाळेत एकेका वर्गात पोरं कोंबून भरलेली. तिथं अक्षरं कशीबशी हाती लागत, वाक्याची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. मग आया पोराला बखोटीला धरून आणायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, ह्याला जरा वळण लावा की."

पार्वतम्मा विधवा, मूलबाळ नाही, घरात कन्नड बोलणारी, पण मराठी सातवी पास. तिचा एकच नियम होता आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. पुस्तकातलं वाक्य लिहायचं नाही. आज घरात जे घडलं तेच लिहायचं, आणि खरं लिहायचं. 'गाय दूध देते' असं कुणी लिहिलं की ती विचारायची, "तुज्या घरी गाय हाय? न्हाय न्हवं? मग पूस ते."

ह्या हट्टामागं एक जुनं दुखणं होतं. नवरा गेला तेव्हा भावाला कार्ड लिहायला ती बसली, आणि हातून एक ओळ उतरेना. शाळेत गाय, फूल, देऊळ सगळं लिहून झालं होतं. स्वतःच्या घरातलं तिला कुणी लिहायलाच लावलं नव्हतं. शेवटी शेजारच्या दुकानातल्या मुनिमानं ते कार्ड लिहिलं. ती लाज तिला जन्मभर पुरली.

आणखी एक खोड होती. वाक्य चांगलं जमलं की ती पाटी उंच धरायची आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचायची. पोराची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर पोरापेक्षा तिचीच जास्त.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पाट्यांवरची वाक्यंही सुकली. 'नळाला पाणी आले नाही.' 'भाकरी लाल आहे.' रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची ती भाकरी. पोरांना दुसरं लिहायला होतं काय?

ईश्वरप्पाची जगदेवी मात्र काहीच लिहीत नव्हती. ईश्वरप्पाचं घर ओट्याच्या अगदी समोर. त्याचं भुसाराचं दुकान. धान्यच नाही तर दुकान कसलं, फळ्या लावून बंद पडलेलं. पण घराणं नावाजलेलं. त्याची आई शिवबाई नळावर सगळ्यांना सांगायची, "सून करकंबला म्हायेरी गेलीया. तब्येत नाजूक हाय तिची, इसाव्याला धाडलीया." इकडं सात वर्षांची जगदेवी पाटीवर पेन्सिल टेकवायची आणि तशीच बसून राहायची. दिवाळीपासून तिनं एक धड वाक्य लिहिलं नव्हतं.

माघातल्या अमावास्येला जगदेवीची आई एका दिवसापुरती येऊन गेली. दुसऱ्या दिवशी पोरीनं मान खाली घालून पाटी भरली आणि पुढं केली. काना-मात्रा सगळं जागच्या जागी! पार्वतम्माला आनंदानं काही सुचेना. अक्षरंच बघत राहिली बिचारी, ती काय सांगतात तिकडं तिचं लक्षच गेलं नाही. तिनं पाटी उचलली आणि गल्लीला ऐकवली, "आई खडी फोडते. आईच्या हाताला फोड आले."

त्या संध्याकाळी नेमकं नळाला पाणी आलं होतं. नळावर बायकांची रांग होती. मग त्यातली एक म्हणाली, "अगं बया, ह्योच व्हय त्यो इसावा?"

शिवबाई भरलेली कळशी तिथंच सोडून घरात गेली. दुष्काळात भरलेली कळशी कुणी सोडत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती पार्वतम्मानं आपल्या हातानं उघडली होती. करकंबजवळ दुष्काळी कामावर सून रस्त्याची खडी फोडत होती आणि तिच्या मजुरीवर हे घर जेवत होतं. त्यात गैर काय होतं? गल्लीतल्या कितीतरी घरांत तेच चाललं होतं. पण ईश्वरप्पाला ते सोसलं नाही. सकाळच्या एसटीनं जाऊन त्यानं बायकोला परत आणलं. अब्रू घरी आली आणि चूल थंडावली.

पार्वतम्मा पदराखाली भाकरी झाकून माफी मागायला गेली. शिवबाईनं दार अर्धंच उघडलं.

"आमच्या घरात काय बी कमी न्हाय, पार्वतम्मा. तुमचं तुमी खावा."

त्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो का, हे पार्वतम्मा रोज बघत बसायची. एखाद्या दिवशी निघायचा, बहुतेक दिवशी नाही. मग तिलाही घास उतरायचा नाही.

बऱ्याच दिवसांनी जगदेवी पुन्हा पाटी घेऊन आली. गाल आत गेले होते. समोरच्या दारात शिवबाई येऊन उभी राहिली, तिच्यामागं अंधारात सून. नळावर बायका होत्याच. पोरीनं पाठ केल्यासारखं भराभरा लिहिलं.

'आई घरी आली. आम्ही पोटभर जेवलो.'

पार्वतम्मानं पाटी हातात घेतली. जगदेवी हळूच म्हणाली, "अक्का, हे खरं न्हाय. आजीनं लिवायला सांगितलंय. पुसू का?"

सगळी पोरं बघत होती. खोटं वाक्य पुसायचं, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. पार्वतम्मानं समोर पाहिलं. शिवबाईची नजर तिच्यावरच होती. जन्मात कुणापुढं हात न पसरलेली ती बाई आता तिच्याकडं मागत होती.

"पुसू नगं," पार्वतम्मा म्हणाली. तिनं पाटी उंच धरली आणि गल्लीच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचली. "आम्ही पोटभर जेवलो" म्हणताना आवाज फाटला, म्हणून तेवढं तिनं पुन्हा एकदा वाचलं.

बायका कळशा उचलून गेल्या. शिवबाईनं दार लावून घेतलं. धुराड्यातून त्या दिवशीही धूर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पार्वतम्मा पोरांना पुस्तकातली वाक्यं घालू लागली. जगदेवी सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी झाली. 'गाय दूध देते.' तुझ्या घरी गाय आहे का, हे पार्वतम्मानं तिला विचारलं नाही.