पोळ्याचा कासरा

पंधरा वर्षं पलटणीत खेचरं वागवून तानबा पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सिंदीच्या टेसनावर उतरला. पेन्शन होती, पत्र्याची पेटी होती. पण गावात त्याले नाव राह्यलं नव्हतं. लहानथोर सारे त्याले 'मिल्ट्री' म्हणत. त्याले तर पुन्हा कास्तकार व्हायचं होतं. अन् आमच्याकडं कास्तकार कोन, ते पोळ्याले जोड्या उभ्या राहतेत त्या तोरणाखाली दिसते. ज्यानं वर्षभर जोडी हाकली, कासरा त्याच्याच हातात.

लहान भाऊ बंडू म्हणाला, "पराटी डवरून दाखव, दादा. मंग पोळ्याले तूच नेजो जोडी."

डवरा म्हंजे कपाशीच्या ओळीतलं तण काढायचं औत; त्याचे बैल मांगून हाकतेत. तानबानं दोन ओळी नीट काढल्या. तिसरीत डावा बैल अडला अन् पंधरा वर्षांची सवय पायात आली. डोंगरात खेचराच्या पुढंच चालावं लागे. डवरा सोडून तो पुढं धावला, वेसणीले धरून ओढू लागला. बैल निघाले, मांगं मोकळा डवरा आडवातिडवा घासत आला अन् गुडघाभर पराटी मुळासकट उपटली.

"काऊन हो मिल्ट्री, दुश्मनाचं वावर समजलं का?" शेजारचा लहानू दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून ओरडला.

बंडूनं येऊन कासरा आपल्या हाती घेतला.

पोळ्याले तानबा रिकाम्या हातानं गेला. पाटलानं हाक मारली, "या जी, इकडं खुर्चीवर बसा, पाव्हण्यायजवळ."

पाव्हणा! तोरण तुटून जोड्या घराकडं सुटल्या तसा तानबा गर्दीत घुसला.

"बंडू, घरापर्यंत तरी दे. हात जोडतो तुले."

"लोकं हासतीन, दादा."

"हासू दे."

बंडूनं कासरा दिला. या खेपेले तानबा मांगंच राह्यला, चुकला नाई; पण बैलच हलेनात. "चल बेटा, चल," म्हणता म्हणता त्याचा आवाज फाटला. लोकं खदखदले. शेवटी बंडूनं बाजूनं जीभ टचकारली, तशी जोडी निघाली. तानबा नुसता कासऱ्याले लोंबकळत घरी आला.

दारात त्याची बायको धुरपता उभी. तिनं बैलायचे पाय धुतले, ओवाळलं. आता बैल आणणाऱ्याले टिळा. कुंकवाचं बोट उचलून ती एकदा नवऱ्याकडं पाहे, एकदा दिराकडं.

"दादालेच लावा, वहिनी," बंडू हळूच म्हणाला.

"नोको," तानबा बोलला. कासरा भावाच्या हातात कोंबून तो बैलायच्या कोठ्याच्या भिंतीशी जाऊन सावधान उभा राह्यला. रिकामे हात ठेवायची दुसरी रीत त्याले येत नव्हती.