सावित्रीकाकीची बाज

आमच्या तोंडवलीच्या वाडीत पोर जन्मलं की सावित्रीकाकीला बोलावणं जाणारच. बाळबाळंतिणीला तेल लावणं, न्हाऊ घालणं, धुरी देणं, सगळं तिचं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण घरी आल्यावर बाळंतीण निजायची ती काकीच्याच बाजेवर. सुंभाने विणलेली, फणसाच्या लाकडाची काळीभोर बाज. तिच्यावर निजलेलं एकही मूल दगावलं नाही, म्हणून ती घरोघर फिरायची. तिला उपडी करायची नाही, ऊन दाखवायचं नाही. हे कुणी ठरवलं, देव जाणे. मधल्या दिवसांत काकी स्वतः तिच्यावर झोपायची. तिचा नवरा तरुणपणीच होडीवर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. वाडीतली सगळी पोरं माझीच, म्हणायची आणि हक्काने कुणाच्याही चुलीपर्यंत शिरायची.

माझी लेक रसिका बाळंतपणाला आली तेव्हा बाज शेजारच्या संचिताकडे होती. तिथून ती आमच्याकडे यायची होती. संचिताचं बाळ बघायला गेले, तर संचिता दंड खाजवत बसलेली.

"पित्ताच्यो गांधी," तिची आई म्हणाली. कोकमाच्या सोलांचं पाणी चोळून चोळून त्या बाईने लेकीचे हात सोलायचे बाकी ठेवले होते. बाळाच्या मानेवरही तसंच उठलेलं.

मी परळच्या चाळीत वाढलेली बाई. पित्ताच्या गांधी उठतात, विरतात, जागा बदलतात. ह्या तशा नव्हत्या. एका ओळीत, टाके घातल्यासारख्या, आणि उघड्या अंगावरच. उशीचा अभ्रा बघितला, त्यावर गंजासारखे डाग. गोधडी उचलली. बाजेच्या पायाला सुंभ वेढलेलं असतं तिथे काळे ठिपके होते. ओलं बोट फिरवलं तर तांबूस फराटा उठला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी टाकलेली कातडी गाठींत अडकली होती. आणि तो वास, गोडसर, कुबट. एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. ढेकूण मात्र एकही दिसला नाही. दिवसा ते दिसत नाहीत, म्हणून तर माणूस गाफील राहतो.

मी तडक काकीकडे गेले. "काकी, तुझ्या बाजेत ढेकूण आसत."

ती हसली. "काय सांगतंस गो शर्मिला? एवढी वर्सां मी तिच्यार निजतंय. माका काय चावणा नाय." आणि हात पुढे केले. खरंच, साधी पुळीसुद्धा नव्हती.

मला राग आला. "अगो, काही माणसांका चावलेला कळना नाय. म्हणान ढेकूण नाय असा जाता काय?" मी तिचीच गोधडी ओढून उजेडात आणली. तेच डाग.

"माझ्यो टाचो फुटतत गो," ती म्हणाली. "माका वाटला, तेचा रगात." मग ती जमिनीवर बसली. बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली. "आता माका कोण बोलवतला?"

"मी बोलवतलंय," मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

सकाळी वाडीतल्या लवू आणि बाबलीने बाज मळ्यात नेली. काडी काकीनेच लावली. धूर सगळ्या वाडीने बघितला, आणि मग जो तो आपापल्या घरात शोधायला लागला. भिंतींच्या फटींत, दरवाजांच्या चौकटींत, पाहुण्यांसाठी घेतलेल्या नव्या गाद्यांच्या शिवणींत. जिथे जिथे ती बाज गेली होती, तिथे तिथे सापडले. काकीला तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलावणं तेवढं बंद झालं. वाटेत दिसली की बायका पोरांना कडेवर उचलून घ्यायच्या.

रसिकाचं बाळ घरी आलं. दुसऱ्या सकाळी काकी दारासमोरच्या खळ्यात उभी. केस ओले, अंगावर धुतलेलं पातळ. "भितर येव काय गो?"

ह्या बाईने आजवर कुणाला असं विचारलं नव्हतं. माझा जीव तुटला. हात धरून आत न्यावं म्हणून पुढे झाले, आणि माझी नजर आपोआप तिच्या पातळाच्या काठाकडे गेली. तिला ते कळलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बघ, नीट बघ," म्हणत तिनेच निऱ्यांचा काठ उलटा करून माझ्यासमोर धरला. "कालच धुतलंय. माका आता बारीक दिसणा नाय."

फॉलच्या टाक्यांत एक बसला होता. चपटा, तांबडा, जिवंत.

आत बाळ रडायला लागलं. काकीची मान त्या आवाजाकडे वळली. काठ एका हातात धरून दुसऱ्या हाताने ती पदर खोचायला लागली, न्हाऊ घालायच्या आधी खोचायची तसा.

"काकी, आज नको," मी म्हटलं.

तिने काठ सोडला, खोचलेला पदर काढून अंगाभोवती गच्च घेतला, आणि कुठे कशाला स्पर्श होणार नाही अशी खळ्याच्या मधोमध चालत निघून गेली.