नाव घातलेला ग्लास

बातमीत न मावणारे किस्से माझ्याकडे सगळ्यात जास्त साचले ते आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात एका कॉफीच्या टपरीवर. संपादकांना पाठवले असते तर विचारलं असतं, "यात बातमी काय?" म्हणून तुम्हाला सांगतो.

टपरी लता मडावी आणि तिची जाऊ यमुना चालवतात. कॉफी तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो, त्याच्याच बिया भाजून, दळून केलेली. पहिल्याच दिवशी एकाने नाक मुरडलं, "तरोटा तं आमच्या उकिरड्यावर उगवते."

लता म्हणाली, "मंग घेऊन या जी, भाजून देतो."

*

एक व्यापारी सगळा माल उचलायला तयार होता. अट एकच: पाकिटावर नुसतं 'कॉफी' छापायचं. मी तिथेच त्याच्याशी भांडायला उठलो. लताने मला बसवलं आणि त्याला विचारलं, "जंगलातून बाया तरोटा आनून राहिल्या. त्याईले काय सांगू, तुमी कॉफी आनली म्हनून?"

*

मग शहरातून एक सल्लागार 'पर्यावरणपूरक व्यवसाय' शिकवायला आले. बायांना प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी. शेवटी विचारलं, काही शंका?

यमुना उठली. "ह्या बाटल्या वापस नेऊन राहिले, का इथंच ठेवून राहिले?"

साहेबांनी स्वतः वेचल्या.

*

टपरीमागची नाली कागदी कपांनी तुंबली, तेव्हा लताने कप बंद करून स्टीलचे ग्लास आणले. गिऱ्हाईक घटलं. टपरी बसली असती तर दोघी पुन्हा धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेल्या असत्या.

लोक म्हणायचे, घाई असते, कागदी कपच बरा. खोटं! गावातले वजनदार शेतकरी भाऊसाहेब रोज "घसा खराब आहे" म्हणून डिस्पोजल, म्हणजे कागदी कपच, मागायचे. गोंड बाईच्या हातची कॉफी चालत होती, तिच्या घरचा ग्लास तोंडाला लावायला चालत नव्हता. कप मिळेना तसे ते घरून स्वतःचा, नाव घातलेला ग्लास घेऊन आले.

माझं डोकं फिरलं. पण लताने भर टपरीत जाहीर केलं, "भाऊसाहेबाईनं पर्यावरनासाठी घरून ग्लास आनला. शिका काहीतरी."

पंधरवड्यात मास्तरांचा, कंडक्टरचा, माझा, असे नावांचे ग्लास फळीवर पालथे दिसू लागले. लतानेही स्वतःच्या ग्लासावर नाव घालून घेतलं. गिऱ्हाईक परत आलं.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, तो माणूस पर्यावरणासाठी आणत नाही ग्लास.

"माहीत हाय जी," ती म्हणाली. "पन आनून तं राहिले ना."

*

परवा बाजाराचा दिवस. तोबा गर्दी. सगळे ग्लास एकाच बादलीत धुवून निघत होते. यमुनाने घाईत भाऊसाहेबांच्या हातात एक भरून दिला. अर्धी कॉफी पोटात गेल्यावर त्यांनी ग्लास फिरवून नाव वाचलं. लता मडावी.

यमुनाचा हात बादलीतच थांबला. मास्तर, कंडक्टर, सगळे भाऊसाहेबांकडे बघत होते. ते उठले असते तर त्यांच्या मागे निम्मी टपरी उठली असती.

भाऊसाहेबांनी उरलेली कॉफी सावकाश संपवली.

"लता, तुझ्या ग्लासात जास्त मावते वं," ते म्हणाले. "आता मले यातच देत जा."

"मंग मी कायच्यात पिऊ?"

"माझा हाय ना फळीवर."