टाळ्या अडवणारे काका

गाणं संपलं की काका उजवा तळहात वर करायचे. "थांबा. विझू द्या." एवढंच म्हणायचे, तेही हळू. पेटीचा शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत भरलेलं सभागृह गप्प बसून राहायचं. मग हात खाली यायचा आणि टाळ्या सुरू व्हायच्या.

वाशीतल्या आमच्या भावगीत महोत्सवाला तुम्ही कधी आला असाल, तर हा हात तुम्ही पाहिला असेल. वर्षातून दोन संध्याकाळी फक्त भावगीतं. एक कविता, एक गळा, पेटी आणि तबला. सुरुवातीच्या एका वर्षी लोक शेवटच्या ओळीवरच टाळ्या वाजवायचे, तेव्हा मागच्या रांगेतून काका उठून म्हणाले होते, "विझू द्या की हो!" गायिकेने तिथूनच हात जोडले. पुढच्या वर्षी समितीने त्यांना रंगमंचाच्या कडेला खुर्ची दिली.

काका मूळचे मराठवाड्यातले. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर प्रेस मशीन चालवलं. बोनकोड्यात आमच्या शेजारच्या इमारतीत भाड्याने एकटेच राहत. गाणं त्यांना येत नव्हतं. "मी फक्त ऐकतो," म्हणायचे, जणू ती एक नोकरीच होती. एकदा पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट फोडायला घेतलं. काकांनी नुसतं पाहिलं. ते गृहस्थ मध्यंतरापर्यंत पाकीट तसंच हातात धरून बसले.

दोन वर्षांपूर्वी त्या महोत्सवात मला एक गीत गायला मिळालं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. माझे बाबा टेम्पो चालवतात. ते इस्त्रीचा शर्ट घालून आयुष्यात पहिल्यांदा गाण्याच्या कार्यक्रमाला आले होते.

गाण्यात शेवटच्या अंतऱ्याआधी एक लांब थांबा होता. माझ्या गाण्याच्या बाईंनी तो मुद्दाम बसवून घेतला होता. तबला थांबला, पेटीवाल्यांनी भाता मिटला, मी श्वास घेतला. आणि काकांचा हात वर गेला.

मी त्या हाताकडे पाहतच राहिले. तो वर असताना आवाज करायचा नाही, हे मी लहानपणापासून शिकले होते. क्षणभर वाटलं, माझंच चुकलं असेल, गाणं संपलं असेल. तेवढ्यात हात खाली आला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी नमस्कार करून आत आले.

आत समितीच्या सेक्रेटरीबाई होत्या. काका घाईने तिथे आलेले. "अगं, एक अंतरा राहिला ना तुझा?" सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं. काकांना हल्ली कमी ऐकू येतं, ही कुजबुज समितीत आधीपासून होती. त्यांची खुर्ची माझ्या उत्तरावर अडली आहे, हे मला कळलं.

"नाही मॅडम. तेवढंच होतं," मी म्हणाले.

मागून बाबा आले. "बाय, एवराच गाना? घरी त अजून होता!"

सेक्रेटरीबाई माझ्याकडे पाहू लागल्या. बाबांना वाटलं, आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो. ते ओशाळून बाजूला झाले. काका आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. मग मला म्हणाले, "काय म्हणाले तुझे वडील? खरं सांग, बाळ."

मला खोटं पुढे नेता आलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश सांगितलं, "एक अंतरा राहिला, काका."

त्यांनी मान हलवली. सेक्रेटरीबाईंकडे वळून म्हणाले, "दोन वर्षं झाली बाई, मला शेवटचं काही ऐकू येत नाही. पेटीच्या भात्याकडं बघून चालवून घेत होतो. आता खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

"काका, टेन्शन नका घेऊ. एक चूक झाली तर काय!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"नुकसान माझं असतं तर चाललं असतं. गाणं पोरीचं होतं."

पुढच्या वर्षी ती खुर्ची ठेवलीच नाही. काकाही नव्हते. लेकीकडे लातूरला जाऊन राहिले आणि तिथेच गेले, असं त्यांच्या घरमालकांनी सांगितलं. आजही मला वाटतं, त्या दिवशी मी थोडा धीर करून गायला लागले असते तर?

पण लातूरला जाण्याआधी एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले होते. चहा नको म्हणाले. माझ्या जुन्या पेटीशेजारी मांडी घालून बसले. "राहिलेलं म्हण," म्हणाले.

मी गायला लागले. त्यांनी तळहात पेटीच्या लाकडावर सपाट टेकवला आणि डोळे मिटले. बाबा दारात उभे होते. शेवटच्या शब्दाला मी भाता सोडला, पट्टी मात्र दाबून ठेवली. सूर बारीक होत गेला. मला ऐकू येईनासा झाला, तशी मी पट्टीवरचं बोट उचलायला गेले.

काकांनी डोळे न उघडताच नकारार्थी मान हलवली. त्यांच्या हाताखाली तो सूर अजून होता.