गाडी अजून माझ्याच नावावर

लाखनीच्या स्टँडवर मला नागपूरच्या एसटीत बसवून धाकटा भाऊ नंदू माझ्याच मोटारसायकलवर एकोडीला परत निघाला. बाबा माझी बॅग घेऊन काळीपिवळीने आले होते, ते जाताना त्याच्या मागे बसले. खिडकीतून मी पाहिलं, त्यांचा हात नंदूच्या खांद्यावर होता. माझ्या मागे ते कधी बसले नाहीत. "तू लय जोरानं चालवते," म्हणायचे आणि पायी जायचे. नोकरीसाठी मस्कतला पोचेपर्यंत तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

आदल्या दिवशी बाबांनी माझ्याकडून गाडीच्या ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या. "करून ठेव, कधी काम पडन." आपल्याकडे गाडी अशीच जाते. कोऱ्या फॉर्मवर सही, हातात चावी, वर एक चहा. नाव बदलायचं की नाही, ते घेणारा पाहून घेईल. मी समजून चुकलो, गाडी नंदूची झाली. बाबाही त्याचेच झाले.

पुढे दर आठवड्याला मोबाईलवर फोटो येऊ लागले. साकोलीच्या बाजारात नंदू आणि मागे बाबा, धानाच्या बांधीवर नंदू आणि मागे बाबा. मी खाली "छान" लिहायचो आणि दिवसभर जळायचो. तुम्ही गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला आमच्या एसीचा आणि पगाराचा हेवा वाटतो. आम्हाला कशाचा वाटतो, ते आम्ही सांगत नाही, लाज वाटते.

मागच्या वर्षी मी इथली जुनी कार थॉमस नावाच्या केरळी शेजाऱ्याला विकली. सवय गावचीच. एका कागदावर सही केली, चावी दिली, चहा पाजला आणि म्हटलं, "बाकी नंतर पाहू." तीन आठवड्यांनी माझ्याच मोबाईलवर दंडाचा मेसेज आला. एअरपोर्टवर गाडी चुकीच्या जागी उभी होती. मुल्किया, म्हणजे इथलं आरसी बुक, माझ्याच नावावर होतं ना!

थॉमसला खडसवायला गेलो. तो बिचारा ओशाळला, म्हणाला, वडिलांना आणायला गेलो होतो, ते दिसले आणि गाडीचं भानच राहिलं नाही. दंडाचं मी विसरूनच गेलो. याचे वडील आले! माझ्या बाबांना मी किती वेळा बोलावलं, दर वेळी एकच उत्तर, "मी येऊन काय करू तिथं?"

नाव बदलायला दोघांनाही हजर राहावं लागतं. थॉमस वडिलांना घेऊनच आला. म्हातारा मागच्या सीटवर राजासारखा बसला होता. दंड भरला, विमा नव्या नावाने झाला, खिडकीतल्या माणसाने माझी मुल्किया घेतली आणि थॉमसच्या नावाची दिली. चहा निवेल एवढ्या वेळात त्या गाडीशी माझा संबंध संपला. मला उगाच रडू आलं.

घरी येताच नंदूला फोन लावला आणि जरा कडूच बोललो, "फॉर्म आहेत ना तुझ्याकडे? मोटारसायकल एकदाची नावावर करून घे."

"कोणते फॉर्म? तू गेला त्याच हप्त्यात बाबानं फाडले."

"काहून?"

"मले काय माहीत! अकरा वर्षांपासून पेट्रोल मी टाकतो, पंक्चर मी काढतो. अन् बाबा मागं बसून साऱ्या गावाले सांगते, मोठ्याची गाडी हाये. मले जळण होत नसन का?"

जळणं ही इतकी वर्षं मला माझीच मिरास वाटत होती, आणि तो स्वतःचं जळणं सांगत होता.

मग बाबांचा आवाज आला, "नाव काढलं त ते नंद्याची होते. मंग तू आला त स्टँडवरून घरी कायच्यावर येशीन?"

गाडीला पुढच्या उन्हाळ्यात पंधरा वर्षं होतात. परत पासिंग करायचं तर सही मालकाची लागते. मी तिकीट काढलंय. घर कुठे, असं इथे कोणी विचारलं तर मी एकोडीचा पत्ता सांगायचो. आता वाटतं, जिथे आपल्या येण्यासाठी कुणी एक गाडी धरून ठेवलीय, ते घर. नंदूला सांगितलंय, लाखनीच्या स्टँडवर चावी माझ्या हातात दे आणि तू काळीपिवळीने ये.

बाबा माझ्या मागे बसतील. हळू चालवीन.